किण्वित अन्नघटकांची वाढती बाजारपेठ आणि हलालचा प्रश्न

प्रस्तावना

अरबी भाषेतील ख-म-र या धातूचा मूळ अर्थ 'झाकणे' असा आहे. या एकाच धातूपासून दोन शब्द निघाले. 'खम्र' म्हणजे बुद्धीवर पडदा टाकणारे पेय. ते इस्लाममध्ये निषिद्ध आहे. 'खमीर' म्हणजे झाकून ठेवल्याने आंबून फुगलेले पीठ. ते मुसलमानांच्या दस्तरखानावर शतकानुशतके चालत आले आहे. दोन्हींच्या मुळाशी सूक्ष्मजीवांचे एकच कार्य आहे. मराठीत त्यास आंबवणे आणि शास्त्रीय परिभाषेत किण्वन म्हणतात.

पूर्वी हे कार्य घरात किंवा गावातील भट्टीत, सर्वांच्या डोळ्यांसमोर होत असे. दह्याला विरजण शेजारून येई, इडलीचे पीठ रात्री भिजवून ठेवले जाई. गोव्यातील पोदेर पाव फुगवण्यासाठी माडाची सूर वापरीत. आज बहुतेक भट्ट्यांत सुरेची जागा कारखान्यातून आलेल्या यीस्टने घेतली आहे. आंबवण्याची क्रिया स्वयंपाकघरातून निघून पोलादी टाकीत गेली आणि तिचे फळ भुकटी, द्रव किंवा स्फटिक या रूपात बाजारात विकले जाऊ लागले. या बाजारपेठेचे स्वरूप काय, आणि हलाल-हरामचा विवेक बाळगणाऱ्या ग्राहकापुढे तिने कोणते प्रश्न उभे केले आहेत, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

किण्वित अन्नघटक म्हणजे काय?

किण्वित अन्नघटकांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिल्या वर्गात सूक्ष्मजीव स्वतःच विकला जातो. बेकरीतील यीस्ट आणि दही व चीज यांसाठी लागणारी तयार विरजणे या वर्गात मोडतात.

दुसऱ्या वर्गात सूक्ष्मजीवाने तयार केलेला पदार्थ वेगळा काढला जातो. सिरका, लॅक्टिक आम्ल, सायट्रिक आम्ल, सॉस घट्ट करणारा झँथन गम आणि चव वाढवणारे मोनोसोडियम ग्लुटामेट ही त्याची उदाहरणे. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबाचे सत्त्व असा सर्वसाधारण समज आहे आणि एकेकाळी तो खराही होता. परंतु १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकी शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवून हे आम्ल विपुल प्रमाणात मिळते असे दाखवले. १९१९ पासून अमेरिकेत त्याचे कारखानदारी उत्पादन सुरू झाले. आज सरबताच्या पुडीत जे सायट्रिक आम्ल असते त्याचा लिंबाशी संबंध उरलेला नाही. ग्लुटामेटचीही कथा अशीच आहे. जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ते समुद्रशैवालाच्या रश्श्यातून वेगळे केले. १९५६ मध्ये ते विपुल निर्माण करणारा जिवाणू जपानमध्येच सापडला आणि उत्पादनाची पद्धत बदलली.

तिसऱ्या वर्गात एन्झाइम, म्हणजे मराठी परिभाषेतील विकरे येतात. चीजसाठी दूध फाडणारे रेनेट पूर्वी वासराच्या जठरातून काढीत. त्यातील कायमोसिन हे विकर निर्माण करणारे जनुक सूक्ष्मजीवात घालून ते टाकीत तयार करण्यास १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली. ज्याला मांस वर्ज्य आहे अशा जैन ग्राहकाची आणि वासरू जबिहा होते की नाही या शंकेत असलेल्या मुस्लिम ग्राहकाची अडचण या शोधाने एकाच वेळी बरीच कमी केली.

मागणी का वाढली?

भारतात या घटकांची मागणी वाढण्याची कारणे उघड आहेत. पाकीटबंद अन्नाचा खप खेड्यापर्यंत पोहोचला आहे. नूडल्स, चिप्स, तयार मसाले, सॉस, ब्रेड आणि पिझ्झ्यावरील चीज यांपैकी प्रत्येकात एखादा तरी किण्वित घटक असतो. शाकाहाराचे मोठे प्रमाण हे दुसरे कारण आहे. प्राण्यांपासून मिळणाऱ्या घटकाऐवजी सूक्ष्मजीवांपासून मिळणारा घटक वापरणे भारतीय उत्पादकाला अधिक सोयीचे ठरते.

कच्च्या मालाच्या दृष्टीनेही देश संपन्न आहे. सूक्ष्मजीवांना साखर हवी असते आणि साखर कारखान्यांतील मळी हे तिचे स्वस्त साधन आहे. बेळगाव जिल्हा, कोल्हापूर आणि सांगली हा सारा पट्टा उसाचाच आहे. विकरांच्या उत्पादनातही भारतीय कंपन्या उतरल्या आहेत. ठाण्यात मुख्यालय असलेल्या ॲडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कारखाने नाशिकजवळ सिन्नर येथे आणि इंदूरजवळ पीथमपूर येथे आहेत. दुसरीकडे सायट्रिक आम्लासारख्या घटकासाठी देश आजही मोठ्या प्रमाणात चिनी मालावर अवलंबून आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'बायो-ई-थ्री' या जैवतंत्रज्ञानविषयक धोरणास मंजुरी दिली. त्यात नव्या प्रकारची प्रथिने आणि गुणकारी अन्न यांना स्थान आहे. म्हणजेच ही बाजारपेठ यापुढेही वाढत राहणार आहे.

टाकीच्या आत

किण्वित घटकांविषयी धार्मिक निर्णय करण्यापूर्वी टाकीत काय घडते हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रथम सूक्ष्मजीवाचे मूळ वाण शीतगृहात जपून ठेवले जाते. त्यातील थोडासा अंश लहान भांड्यात, मग मध्यम टाकीत आणि शेवटी हजारो लिटरच्या टाकीत वाढवला जातो. प्रत्येक टप्प्यावर त्याला साखर आणि नत्रयुक्त अन्न द्यावे लागते. हे नत्र सोयाबीनच्या पिठातून, मक्याच्या अर्कातून किंवा पेप्टोनमधून येते. पेप्टोन म्हणजे विकरांनी तोडलेली प्रथिने. ती वनस्पतीची असू शकतात, दुधाची असू शकतात किंवा मांसाचीही असू शकतात. टाकीत फेस येऊ नये म्हणून तेल किंवा तत्सम द्रव्य घालतात. शेवटी पदार्थ गाळून, शुद्ध करून वाळवतात, आणि पुष्कळदा भुकटी मोकळी राहावी म्हणून त्यात दुसरा एखादा पदार्थ मिसळतात.

यावरून दिसून येईल की प्रश्न अंतिम पदार्थाच्या नावापाशी संपत नाही. वाण कशावर जोपासले, त्याला काय खाऊ घातले, फेस कशाने मोडला आणि शेवटी काय मिसळले, असे चार प्रश्न शिल्लक राहतात.

इंडोनेशियातील प्रकरण

हे प्रश्न केवळ काल्पनिक नाहीत, हे इंडोनेशियातील एका घटनेने दाखवून दिले. डिसेंबर २००० मध्ये तेथील उलेमा परिषदेने अजिनोमोटो कंपनीचे स्थानिक ग्लुटामेट हराम ठरवले. जिवाणूंचे वाण जोपासण्यासाठी जे सोया-पेप्टोन वापरले होते ते तयार करताना डुकरापासून मिळणाऱ्या विकराचा उपयोग झाला होता. सोयाबीन वनस्पतीचे, ग्लुटामेट जिवाणूचे. आक्षेप होता तो त्याही मागच्या पायरीवर.

जानेवारी २००१ मध्ये माल बाजारातून परत घेण्यात आला. अंतिम पदार्थात डुकराचा अंश नाही, अशी कंपनीची बाजू होती. स्वतः मोठे आलिम असलेले राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनीही तो पदार्थ हलाल असल्याचे मत दिले. उलेमा परिषद मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिली. पुढे कंपनीने पोषकद्रव्य बदलले आणि तिला पुन्हा हलाल प्रमाणपत्र मिळाले.

या वादात दोन्ही बाजूंना विद्वान होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एका बाजूचा भर अंतिम पदार्थाच्या शुद्धतेवर होता, तर दुसऱ्या बाजूचा निर्मितीच्या साखळीवर. इंडोनेशियाने २०१४ मध्ये हलाल उत्पादनांचा कायदा केला आणि ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या व मध्यम उद्योगांच्या खाद्यपदार्थांना तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. त्या देशाला माल विकू पाहणाऱ्या भारतीय उत्पादकालाही आता साखळीचा हिशेब ठेवावा लागणार आहे.

सिरका आणि इस्तिहाला

पदार्थाचे रूप व गुण पूर्णपणे पालटले तर त्याचा हुकूमही पालटतो काय? फिकहमध्ये या रूपांतरास 'इस्तिहाला' म्हणतात आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिरका हे आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी सिरक्याची उत्तम सालन म्हणून प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये आले आहे. सिरका तयार होताना यीस्ट प्रथम साखरेचे अल्कोहोल करते आणि नंतर ॲसिटिक जिवाणू हवेच्या साहाय्याने अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात. म्हणजे मधली पायरी मद्याची आहे, अखेरची नाही.

खम्र आपोआप सिरका झाली तर ती पाक व हलाल, याविषयी सर्वसाधारण एकमत आहे. मतभेद आहे तो मानवी हस्तक्षेपाविषयी. हनफी मतानुसार काही घालून सिरका केला तरी तो हलाल आहे. शाफई मतानुसार बाहेरून वस्तू टाकून रूपांतर घडवले तर तो सिरका पाक होत नाही. हा भेद पुस्तकी नाही. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई आहेत, तर हैदराबाद, बेळगाव, इंदूर येथील बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. सुरेपासून केलेला गोव्याचा सिरका एकाच मोहल्ल्यातील दोन घरांत वेगवेगळ्या नजरेने पाहिला जाऊ शकतो. अशा वेळी परस्परांस दोष देण्याऐवजी आपापल्या मसलकच्या आलिमास विचारणे हेच योग्य होय. परंतु आलिमाला नेमके उत्तर देता यावे यासाठी प्रश्नही नेमका हवा: हा सिरका कशापासून केला, त्यात काय टाकले?

भारतीय नियमांत आंबवून केलेला सिरका आणि ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेला कृत्रिम सिरका असा भेद आहे. कृत्रिम असल्यास तसे वेष्टनावर ठळकपणे लिहावे लागते. स्वस्त बाटली घेताना ही ओळ वाचण्याची सवय फार थोड्यांना आहे.

वेष्टन काय सांगते?

भारतात हिरवी खूण शाकाहारी आणि तपकिरी खूण मांसाहारी पदार्थासाठी आहे. २०२० च्या नियमांनी तपकिरी खुणेसाठी वर्तुळाऐवजी त्रिकोण आणला. अनेक मुस्लिम कुटुंबे हिरवी खूण पाहून निश्चिंत होतात. ही खूण उपयुक्त आहे, पण ती हलालची खूण नव्हे. द्राक्षाचे मद्यही शाकाहारीच असते. उलट तपकिरी खूण असलेला पदार्थ हराम असतोच असे नाही. तिच्यामागे केवळ अंडे किंवा मासळीही असू शकते.

घटकांच्या यादीतील क्रमांकांनी गोंधळ आणखी वाढतो. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, ४१५ म्हणजे झँथन गम, ६२१ म्हणजे ग्लुटामेट. यांतील ६३१, म्हणजे डायसोडियम आयनोसिनेट, विशेष विचारात घेण्यासारखा आहे. नूडल्स व चिप्समध्ये तो चवीसाठी घालतात. तो मांस किंवा मासळीपासून काढता येतो, तसाच साखरेवर जिवाणू वाढवूनही मिळतो. क्रमांक मात्र दोन्हींचा एकच. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राम गौ रक्षा दल या संस्थेच्या याचिकेवर आदेश देताना याच घटकाचा उल्लेख केला. घटकाचा केवळ क्रमांक न देता तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून आला हेही उत्पादकाने जाहीर करावे, आणि प्राणिज अंश कितीही अल्प असला तरी पदार्थ मांसाहारी धरावा, असे न्यायालयाने म्हटले. याचिका गोरक्षकांची होती, पण तिच्यातील मागणी प्रत्येक श्रद्धावान ग्राहकाची आहे. आपण काय खातो हे जाणून घेण्याच्या हक्काला धर्माची सीमा नाही.

अफवा आणि उपेक्षा

माहितीच्या अभावी समाजात दोन टोके दिसतात. एकीकडे क्रमांकांच्या याद्या पूर्वी झेरॉक्सवर आणि आता मोबाइलवर फिरतात. त्यांत सायट्रिक आम्लापासून डिंकापर्यंत सर्वांवर 'डुकराची चरबी' असा शिक्का मारलेला असतो. बुरशीने साखरेपासून केलेल्या आम्लाला चरबी म्हणणे हे अज्ञान आहे. शिवाय हलाल वस्तूला पुराव्याविना हराम ठरवणे ही शरीअतच्या दृष्टीनेही लहान चूक नव्हे. दुसरीकडे 'कारखान्यातून आले म्हणजे शुद्धच' अशी बेफिकिरी आहे. अफवेमुळे शेजारच्या निरपराध दुकानदाराचे नुकसान होते, आणि बेफिकिरीमुळे खरा प्रश्न विचारलाच जात नाही.

शिक्षणसंस्थांचे कर्तव्य

यातून मार्ग शिक्षणानेच निघू शकतो. हायस्कूलच्या विज्ञानात दही व यीस्ट शिकवले जाते. तेथेच एखादे पाकीट वर्गात आणून त्यावरील घटक वाचून दाखवण्यास खर्च येत नाही. मदरशांच्या वरच्या वर्गांत इस्तिहालाचा पाठ शिकवताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापकाचे एक व्याख्यान ठेवता येईल. ज्याला टाकी ठाऊक आहे त्याला फिकह ठाऊक नाही, आणि ज्याला फिकह ठाऊक आहे त्याला टाकी ठाऊक नाही. हे अंतर कमी करणे संस्थांना शक्य आहे.

यात रोजगाराचाही विचार आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. बेळगावात साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण देणारी एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. समाजातील विज्ञान पदवीधर, विशेषतः मुली, या क्षेत्राकडे वळल्या तर उत्पादन, तपासणी आणि प्रमाणन या तिन्ही ठिकाणी त्यांना वाव आहे.

समारोप

किण्वित घटकांची बाजारपेठ वाढत आहे आणि तिच्यापासून दूर राहणे शहरी कुटुंबाला शक्य नाही. त्याची गरजही नाही, कारण यातील पुष्कळसे घटक साखर आणि सूक्ष्मजीव यांपासूनच तयार होतात. मात्र पदार्थाच्या नावावरून किंवा क्रमांकावरून निर्णय न करता तो कशावर वाढला हे विचारण्याची सवय लागली पाहिजे. उत्पादकाने खरे उत्तर द्यावे, आलिमाने त्यावर हुकूम सांगावा आणि ग्राहकाने प्रश्न विचारावा. यांपैकी तिसरे काम शाळेत शिकवता येते, आणि सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.