मेळघाटातले कॉल

मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला २२ फेब्रुवारी १९७४ रोजी. त्याच्या काही महिने आधी, १९७३ साली, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांना नोबेल मिळालं होतं. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण प्राण्यांची अक्कल आणि बोली माणसाच्या तोडीची आहे का, या प्रश्नाकडे चिखलदऱ्याहून मागे वळून पाहताना मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. पोळ्यावर परतलेली माशी फुलोरा कोणत्या दिशेला आणि किती लांब आहे, हे नाचून सांगते. डोळ्याआडच्या गोष्टीबद्दल फक्त माणूस बोलू शकतो, ही समजूत तिने आधीच खिळखिळी केली होती.

सेमाडोह-कोलकासकडचे कोरकू वाटाडे वाघ आधी कानांनी शोधतात. ‘कॉल आला’, म्हणजे एखाद्या जनावराने धोक्याचा इशारा दिला, असं म्हटलं की गाडी थांबते. चितळ कधी कधी नुसत्या संशयानेही ओरडतं. झाडावरच्या वानराला लांबचं दिसतं, त्यामुळे ते कुठे बघून खाकरतंय यावर लक्ष ठेवायचं. आणि सांबराने ढांक दिली, की वाटाड्या सहसा दुसऱ्या पुराव्याची वाट पाहत नाही. चितळ वानराचा इशारा समजतं, वानर चितळाचा.

मेळघाट प्रकल्प झाला त्या काळात अमेरिकेत चिंपांझींना माणसाच्या खुणांची भाषा शिकवण्याचा खटाटोप चालू होता. १९७९ साली हर्बर्ट टेरेस यांनी आपल्याच निम या चिंपांझीबद्दल लिहिलं, की तो वाक्य रचत नाही, बहुतेक वेळा शिक्षकांच्या खुणा उचलतो. पुढच्याच वर्षी केनियातल्या व्हर्वेट माकडांवरचं काम आलं. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी त्यांचे कॉल वेगवेगळे. नुसतं ध्वनिमुद्रण वाजवलं तरी माकडं एका कॉलला झाडावर चढत, दुसऱ्याला आभाळाकडे बघत, तिसऱ्याला गवतात शोधत. मला हे वळण फार मोलाचं वाटतं. आपली भाषा त्यांच्यावर लादायचं थांबवून त्यांची ऐकायला तिथे सुरुवात झाली.

अकलेबद्दलचा एक सुंदर प्रयोग आपल्याकडचाच आहे. पुण्याचे मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वेड्या राघूवर तो प्रसिद्ध केला. माणूस जवळ असला की हा पक्षी चोचीत घास घेऊनही बिळात शिरायला कचरतो. मात्र त्या माणसाला तिथून बीळ दिसत नसेल, तर बिनधास्त जातो. समोरच्याला काय दिसतंय, याचा हिशेब तो पक्षी करत होता.

आता मेळघाटातलाच रानपिंगळा, नामशेष झाला असं मानलं गेलेलं एक छोटं घुबड. त्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा. त्यानंतर १९१४ सालचा म्हणून पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी दाखवलेला नमुना जुन्या संग्रहातून चोरलेला होता. त्यावर जागा आणि साल दोन्ही खोटं लिहिलेलं. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, शोध योग्य जागांकडे वळला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी दिसला. पुढे पक्षिअभ्यासक फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याची ध्वनिमुद्रित हाक वाजवत जंगलं धुंडाळली. मेळघाटातून उत्तर आलं.

माणूस आणि प्राणी यांच्यातलं अंतर मला या एका पक्ष्याच्या कहाणीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. खोटं बोलणं प्राण्यांनाही जमतं. कलहारीतला कोतवाल ससाणा नसतानाही धोक्याचा कॉल देतो आणि घाबरून पळालेल्यांचा घास पळवतो. पण त्याचं खोटं ‘आत्ता’चं असतं. गेलेल्या सालाबद्दल बोलणं, आणि त्या सालाबद्दल दशकानुदशकं टिकेल असं खोटं लिहून ठेवणं, आजवर फक्त माणसातच सापडलं आहे. वाघ निघून गेल्यावर सांबर गप्प होतं. तो काल कुठून आला हे सांगतो तो वाटाड्या.

म्हणूनच एक काम तातडीचं वाटतं. बोरी, कोहा, कुंड अशी गावं मेळघाटच्या गाभ्यातून बाहेर वसवली गेली आहेत. जंगलात वाढलेल्या कोरकू म्हाताऱ्यांचे कान तिथल्या नव्या मुलांना मिळणार नाहीत. जून २०२५ मध्ये गेलेले मारुती चितमपल्ली वनाधिकारी असताना आदिवासींकडून पाखरांची नावं, त्यांच्या सवयी विचारून टिपत राहिले. तसंच कॉलचं व्हायला हवं: कोणत्या ऋतूत, कोणत्या नाल्यावर, कोणतं जनावर कशाला कसं ओरडतं, हे त्या म्हाताऱ्यांकडून कोरकूत ऐकून, त्यांच्याच आवाजात साठवून ठेवायला हवं.