आधी धागा, मग छपाई

दहीहंडी महिन्यावर आली की छपाईच्या दुकानांत एक ठरलेला संवाद ऐकू येतो. मंडळाचे दोन कार्यकर्ते मोबाइलवरचं डिझाइन पुढे करतात आणि विचारतात, ‘दादा, एका टी-शर्टचे किती?’ दादा उलट विचारतात, ‘किती नग?’ पंचवीस म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो, दोनशे म्हटलं की चहा मागवला जातो. भाव ठरवायला हा प्रश्न बरोबरच आहे. पण छपाई टिकणार की दोन धुण्यांत जाणार, हे नगांवर ठरत नाही. ते ठरतं कापडाच्या धाग्यावर, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढत नाही.

टी-शर्टच्या बाजारात मुख्यतः दोनच धागे आहेत, सुती आणि पॉलिएस्टर. बाकी बहुतेक माल या दोघांच्या मिश्रणाचा. सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात, त्यामुळे तो पाणी पितो आणि पाण्यातून आलेला रंगही धरतो. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच ‘पेट’ प्लॅस्टिक, बारीक धाग्याच्या रूपात. ते पाण्याला जवळ करत नाही. दुकानात ‘ड्रायफिट’ म्हणून मिळणारं कापड लवकर वाळतं ते म्हणूनच. दोघांचे स्वभाव इतके वेगळे, की एकाला मानवणारा रंग दुसऱ्याला सहसा लागत नाही.

पॉलिएस्टरच्या स्वभावाचा सर्वांत सुंदर उपयोग सब्लिमेशन छपाईत होतो. या तंत्राचं श्रेय फ्रान्सच्या नोएल द प्लास यांना दिलं जातं, काळ १९५७चा. पॉलिएस्टर रंगवणारे काही डिस्पर्स रंग तापवले की कापरासारखे घनरूपातून थेट वायुरूपात जातात, यावर ते उभं आहे. डिझाइन कागदावर उलटं छापायचं, कागद कापडावर पालथा ठेवायचा आणि हीट प्रेसमध्ये सुमारे २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबायचा. पेटच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या ७०-८० अंशांच्या पुढे सैल होऊ लागतात. २०० अंशांना त्यांच्यात एवढी हालचाल असते, की वायू झालेला रंग थेट धाग्याच्या आत शिरतो. प्रेस उचलली, कापड निवलं, की साखळ्या पुन्हा आवळतात आणि रंग आतच कोंडला जातो. पेट वितळतं २५० अंशांच्या पुढे, त्यामुळे कामाला पुरेशी मोकळीक मिळते.

या छपाईवर हात फिरवला तर काहीच लागत नाही, कारण वर थरच नसतो. मग भेगा कशाला पडतील आणि पापुद्रे कशाचे निघतील? मात्र हे रंग पारदर्शक असतात आणि त्यांत पांढरा नसतो. म्हणून कापड पांढरं किंवा अगदी फिकट हवं. खेळाडूंच्या गडद, रंगीबेरंगी जर्सी अनेकदा आधी पांढऱ्या कापडावर पूर्ण छापतात, मग बेततात आणि शिवतात. सुती कापडावर हीच छपाई केली तर प्रेसमधून काढताना ती दिसते बरी. रंगाला आत शिरायला जागा मिळालेली नसते, त्यामुळे धुण्यात तो निघून जातो. मिश्र कापडात पॉलिएस्टर जेवढं, तेवढाच रंग टिकतो. काही जण हा विटका रंग मुद्दाम मागून घेतात, तो भाग वेगळा.

आता याच रसायनाची दुसरी बाजू. लाल, मरून किंवा भगवा ड्रायफिट टी-शर्ट मुळात रंगवलेला असतो तो डिस्पर्स रंगांनीच. त्यावर पांढऱ्या अक्षरांत मंडळाचं नाव छापायचं आणि शाई पक्की करायला उष्णता द्यायची, म्हणजे आत कोंडलेल्या रंगाला बाहेरची वाट दाखवायची. तो वर चढतो, पांढऱ्या शाईत मुरतो आणि अक्षरं गुलाबी होतात. कधी लगेच, कधी गठ्ठे बांधून ठेवल्यावर चार दिवसांनी. ऐन सणाच्या सकाळी दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांवर खापर फोडत बसतात, आणि दोघंही शाईला शिव्या देतात. दोष शाईचा नसतो. पांढऱ्याखाली रंग अडवणारा, कार्बन असलेला राखाडी थर द्यावा लागतो किंवा कमी तापमानाला पक्की होणारी शाई वापरावी लागते. दोन्हींना खर्च आहे. त्यापेक्षा भगव्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर टी-शर्ट सुतीच घ्यावा, असं माझं मत. सुती कापड बहुधा रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. ते सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे प्रेसच्या उष्णतेने उडून वर येत नाहीत.

नगांचा प्रश्न खरा येतो तो स्क्रीन प्रिंटिंगमध्ये. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि तिचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. आजची मांडणी अशी: फ्रेमवर ताणलेली जाळी, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारं इमल्शन, डिझाइनपुरती मोकळी राहिलेली छिद्रं आणि शाई ओढणारी रबरी स्क्वीजी. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम. समजा, एक फ्रेम तयार करायला सहाशे रुपये लागले. तीन रंगांचे झाले अठराशे. दहा टी-शर्टवर वाटले तर नगामागे १८० रुपये, दोनशेवर वाटले तर ९. मघाशी दादांचा चेहरा का पडला, ते यात आलं.

स्क्रीनची नेहमीची शाई म्हणजे प्लॅस्टिसोल, प्लॅस्टिसायझरमध्ये कालवलेले पीव्हीसीचे कण. तिच्यात पाणी नसतं, त्यामुळे ती वाळत नाही, जाळीवर दिवसभर राहिली तरी चालते. साधारण १६० अंशांना हे कण प्लॅस्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकसंध थर होतो. अट एवढीच, की थराच्या तळापर्यंत ती उष्णता पोहोचली पाहिजे. घाईत नुसता वरचा पापुद्रा तापला तर छपाई दिसायला चोख, पण ताणली की तडकते. पाण्यावर आधारित शाई कापडात मुरते, हाताला मऊ लागते, पण मे महिन्यात जाळीतच वाळून छिद्रं बुजवते आणि कारागिराची परीक्षा पाहते. लहान मुलांचे कपडे असतील तर थॅलेट प्रकारचा प्लॅस्टिसायझर नसलेली शाई मागून घ्यावी.

दहा-वीस नगांसाठी फ्रेमचा खर्च टाळायचा तर डिजिटल छपाईकडे वळावं लागतं. डीटीजी मशीन इंकजेट प्रिंटरसारखं थेट टी-शर्टवर छापतं. फिकट सुती कापडावर, बारीक छटांच्या छायाचित्रासाठी याला तोड नाही. काळ्या टी-शर्टवर मात्र रंग दिसण्यासाठी आधी पांढरा थर द्यावा लागतो, आणि तिथे अडचणी सुरू होतात. पांढरी शाई टिटॅनियम डायऑक्साइडची. तिचे कण मायक्रॉनच्या पाव भागाएवढे, पण पाण्याच्या चौपट जड. स्थिर ठेवली की ती तळाशी बसते आणि नोझल तुंबतात. म्हणून हे मशीन रोज चालतं ठेवावं लागतं. शिवाय शाई कापडात झिरपू नये म्हणून आधी क्षारयुक्त द्रावण फवारावं लागतं. महिन्यातून एकदा ऑर्डर येणाऱ्या दुकानात डीटीजी दिसलं, तर छपाईआधी नमुना जरूर मागावा.

सध्या गल्लोगल्ली चालतं ते डीटीएफ. यात पेटच्या फिल्मवर आधी रंग, त्यावर पांढरी शाई छापतात, ओल्या शाईवर गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाची पावडर टाकतात आणि ती वितळवून घेतात. मग ही फिल्म टी-शर्टवर ठेवून १५०-१६० अंशांना दहा-पंधरा सेकंद दाबली की काम झालं. गोंद कापडाच्या पृष्ठभागाला धरतो, त्यामुळे सुती, पॉलिएस्टर, मिश्र असा भेद तो करत नाही. दुकानदाराला प्रिंटरही लागत नाही. फिल्म मीटरच्या भावाने बाहेरून छापून आणायची, आपल्याकडे फक्त हीट प्रेस ठेवायची. पंचवीस नगांच्या ऑर्डरला हे इतकं सोयीचं आहे, की दुकानदार दुसरं काही सुचवतच नाहीत.

पण हा शेवटी प्लॅस्टिकचा पापुद्राच. छातीवर वीतभर लोगो असेल तर जाणवत नाही. छातीभर भरगच्च चौकोनी फोटो असेल, तर श्रावणातल्या दमट हवेत त्याखाली घाम कोंडतो. त्यात कापड लाल पॉलिएस्टरचं असेल, तर रंग वर चढण्याचा मघाचा धोका इथेही आहेच. डीटीएफच घ्यायचं तर डिझाइन मोकळं ठेवा. पार्श्वभूमी काढून टाका, अक्षरांमध्ये कापड दिसू द्या.

थोडक्या नगांसाठी माझी निवड अशी: कापड पांढरं ड्रायफिट असेल तर सब्लिमेशन, फिकट सुतीवर फोटो हवा तर डीटीजी, गडद सुतीवर नाव आणि लोगो असेल तर डीटीएफ. एकच रंग आणि पन्नासाच्या आसपास नग असतील, तर स्क्रीनचा भाव नक्की विचारा.

लेबलवर विश्वास नसेल तर कापड जाळून बघता येतं. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख सोडतो. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. धागा कापडाचाच घ्या, शिलाईचा नको. सुती टी-शर्टचीही शिलाई बहुधा पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते.

आणि पूर्ण ऑर्डर देण्याआधी एक नमुना छापून घ्या. एक दिवस तसाच राहू द्या, मग उलटा करून तीनदा धुवा, छपाई दोन्ही बाजूंनी ताणून बघा, आठवडाभर घडी घालून ठेवा. पांढरं पांढरंच राहिलं, भेग पडली नाही, तरच बाकीच्या नगांचे पैसे द्या. त्यासाठी ऑर्डर सणाच्या दोन आठवडे आधी द्यायला हवी, आदल्या रात्री नाही.