वाटाण्याच्या रोपाचे चित्र

वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरला की काही दिवसांनी मातीतून कोवळा कोंब डोके वर काढतो. पुढे त्याला पाने फुटतात आणि आधार शोधणारे नाजूक तणावे येतात. हे सारे डोळ्यांदेखत घडते, तरी ते घडताना कोणालाही दिसत नाही. कुंडीसमोर तासभर टक लावून बसले, तरी रोप जागच्या जागी स्थिर भासते. रोपाची वाढ इतकी सावकाश होते की, मानवी डोळ्यांना ती जाणवत नाही.

ही न दिसणारी वाढ पडद्यावर दाखविली ती दादासाहेब फाळके यांनी. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी चित्रपटाचे तंत्र जाणून घेतले व कॅमेरा मिळविला. चित्रपट काढावयाचा तर भांडवल हवे होते. परंतु ही कला आपल्या देशात साधेल, यावर लोकांचा विश्वास बसणे कठीण होते. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा उभा केला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची एकेक करून चित्रे टिपली. त्यांतून जेमतेम मिनिटभराचा चित्रपट तयार झाला. दाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल होताना पाहणारे थक्क झाले. फाळक्यांना कर्ज मिळण्यास या चित्रपटाचे मोठे साहाय्य झाले, आणि ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला.

या चमत्कारामागील युक्ती साधी आहे. चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका होय. मूकपटांच्या काळी दर सेकंदाला साधारणपणे सोळा चित्रे पडद्यावरून सरकत. चित्रे इतकी भरभर आली की, त्यांमधील खंड डोळ्यांना जाणवत नाही व एकच हलते चित्र दिसते. म्हणून दीर्घ अंतराने टिपलेली चित्रे भराभर दाखविली, तर दिवसांचे काम क्षणांत उरकल्यासारखे वाटते.

आज हे काम साध्या मोबाइल फोनने वर्गातही करता येते. प्रत्येक विद्यार्थ्याजवळ फोन असण्याची गरज नाही. साऱ्या वर्गाला गुरुजींचा एक फोन पुरतो. कुंडी खिडकीजवळ ठेवावी व तिच्याशेजारी मोजपट्टी उभी करावी. कुंडीची व फोनची जागा खडूने आखून घ्यावी, म्हणजे प्रत्येक छायाचित्र एकाच ठिकाणाहून घेता येईल. दर तासाच्या घंटेला एक, अशी दिवसाला सहा छायाचित्रे घेतली, तर शाळेच्या वीस दिवसांत ती १२० होतात. सेकंदाला दहा या वेगाने ती दाखविली, तर बारा सेकंदांत सारी वाढ नजरेसमोरून जाते.

मात्र हे चित्र पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. सहा चित्रे झाली की रोप एकदम उडी मारते. रविवारच्या सुटीनंतर ती उडी अधिकच मोठी असते. रोप खरोखरच उड्या मारते काय? तसे नाही. शाळेला कुलूप लागले तरी रोपाची वाढ थांबत नाही. त्या वेळी छायाचित्र घेणारे कोणी नसते, इतकेच. रोपाला पाणी केव्हा घातले, ऊन किती वेळ मिळाले, पहिला तणावा कोणत्या दिवशी दिसला, हेही चित्रावरून नेमके कळत नाही. त्यासाठी कुंडीजवळ एक वही ठेवावी लागते, आणि तीत रोजच्या रोज नोंद करणारा विद्यार्थीही लागतो. फोन व वही यांची अशी जोड मिळाली, म्हणजे वाटाण्याचा एक दाणाही वर्गाला पुष्कळ काही शिकवितो.