दुपारचा टीव्ही: शाळेच्या वर्गापासून माजघरापर्यंत

भारतात दिवसाउजेडी टीव्ही पहिल्यांदा लागला तो दिल्लीतल्या माध्यमिक शाळांत. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६१ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने शालेय दूरचित्रवाणीचा उपक्रम उभा राहिला आणि पदार्थविज्ञान, रसायनशास्त्राचे पाठ शाळेच्या वेळेतच वर्गातल्या संचावर दिसू लागले. ज्या शाळेत धड प्रयोगशाळा नव्हती, तिथल्या मुलांनी परीक्षानळीतला रंगबदल आधी काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पाहिला. घरातली दुपार मात्र तेव्हा रेडिओची होती. मुंबई आकाशवाणीवरचे ‘वनिता मंडळ’ तांदूळ निवडता निवडता, शिवण टिपता टिपता ऐकता येई. हात आणि डोळे कामात, कान मोकळे, अशी ती वेळ. टीव्हीला डोळे हवे असतात, आणि दुपारी घरात नेमके तेच मोकळे नसतात. दुपारच्या टीव्हीला ही अडचण आजवर पुरून उरली आहे.

टीव्हीचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याचा जीव संध्याकाळपुरता होता. दिवसाचा पडदा पुन्हा उघडला तो खेड्यांत. उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा ‘साइट’ हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर चालला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी भारताला वापरायला मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत संच बसवले गेले. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, तीन मीटर व्यासाची तबकडी बहुधा शाळेच्याच आवारात उभी राही. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत. रोज चार तास प्रक्षेपण होई. त्यातला सकाळचा दीड तास पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी होता आणि तो हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया या चार भाषांत वाटलेला असल्याने एका भाषेच्या वाट्याला जेमतेम बावीस मिनिटे येत. मुलांच्या विज्ञान कार्यक्रमांतला मोठा भाग इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार झाला. महाराष्ट्र मात्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुंबईत बनलेला विज्ञानाचा पाठ राजस्थान-ओडिशातल्या मुलांनी पाहिला आणि मराठवाड्यातल्या मुलांपर्यंत तो पोहोचला नाही, ही चुटपूट लावणारी गोष्ट आहे.

इन्सॅट-१बी उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि वर्षभरात, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. दुपारी पाऊण ते पावणेदोन असा एक तास आणि चार वाजता त्याचेच पुनःप्रक्षेपण. परीक्षेचा अभ्यासक्रम शिकवणे हा त्याचा हेतू नव्हता. लहान गावातल्या महाविद्यालयात ज्या विषयाचा जाणकार प्राध्यापक मिळत नाही, तो विषय तिथल्या मुलांपुढे ठेवावा, कुतूहल जागे करावे, असा विचार त्यामागे होता. एका तासात तीन-चार छोटे कार्यक्रम बसवलेले असत: कधी पेशींची रचना, कधी एखादे लेणे, कधी अर्थशास्त्र. सुरुवातीला परदेशी कार्यक्रमांचा वाटा मोठा होता. मग पुणे विद्यापीठातल्या केंद्रासह देशातली निरनिराळी माध्यम केंद्रे स्वतःचे कार्यक्रम करू लागली. भाषा प्रामुख्याने इंग्रजी राहिली. ज्या तालुक्याच्या गावातल्या मुलासाठी हे सारे मांडले होते, त्याच्या कानाला ती भाषा जड जाई आणि पाऊण वाजता तो महाविद्यालयात तरी असे किंवा एसटीत. कार्यक्रमाचा प्रेक्षक नेमका त्या वेळी कुठे असतो, याचा हिशेब नीट झाला नव्हता. तरीही ज्यांनी तो तास मन लावून पाहिला, त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हलणारा जीव पहिल्यांदा तिथेच दिसला आणि हे ऋण लहान नाही.

यानंतरही घरासाठी म्हणावी अशी दुपार रिकामीच होती. सकाळचे प्रक्षेपण २३ फेब्रुवारी १९८७ पासून आणि दुपारचे २६ जानेवारी १९८९ पासून सुरू झाले. तोवर अधल्यामधल्या वेळी संच लावला तर रंगांचे उभे पट्टे तरी दिसत, नाहीतर मुंग्या. रविवार तेवढा वेगळा होता. कर्णबधिरांसाठीच्या बातम्या १९८७ पासून रविवारी दुपारी येऊ लागल्या आणि त्यांच्या आगेमागे प्रादेशिक भाषांतले चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवले जात. बंगाली आणि मल्याळी चित्रपटांची ओळख अनेक मराठी घरांना या रविवारांनी करून दिली. त्याची नोंद फारशी घेतली जात नाही, म्हणून इथे ती मुद्दाम केली आहे.

घरच्या दुपारची खरी सुरुवात १९९४ साली ‘शांती’ने झाली. हिंदीतली ही पहिली गाजलेली दैनंदिन मालिका. तिच्यात मंदिरा बेदीने एका पत्रकार तरुणीचे काम केले. दोन चित्रपटकर्त्यांचे चरित्र लिहायला ती त्यांच्या हवेलीत येते आणि तिच्या आईवर झालेला अत्याचार याच घरातला असल्याचे तिथे उलगडत जाते. पुढच्याच वर्षी महेश भट्ट यांच्या दिग्दर्शनाखाली ‘स्वाभिमान’ आली. शोभा डे आणि विनोद रंगनाथन यांनी ती लिहिली होती. रोजच्या मालिकेचे हे धाडस दुपारीच का झाले, याचे उत्तर पैशात आहे. दूरदर्शनवर निर्माता प्रक्षेपणाचे शुल्क भरी आणि बदल्यात मिळालेली जाहिरातीची सेकंदे स्वतः विके. रात्रीच्या वेळेचे शुल्क आठवड्यातून पाच दिवस परवडणारे नव्हते, दुपारचे त्या मानाने हलके होते. रोज एक भाग द्यायचा तर घर एकच, तेच दिवाणखाने, तोच जिना, असे चित्रीकरण आपोआप बेतले गेले.

मराठीत हा मान मुंबई दूरदर्शनच्या ‘दामिनी’ला मिळाला. पहिली मराठी दैनंदिन मालिका म्हणून ती ओळखली जाते आणि प्रतीक्षा लोणकर यांची दामिनीही पत्रकारच होती. दुपारच्या दोन्ही पहिल्या नायिका प्रश्न विचारणाऱ्या, घराबाहेर पडून सत्य शोधणाऱ्या निघाव्यात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नंतरच्या मालिकांतल्या देव्हाऱ्यापाशी रडणाऱ्या सुनांपेक्षा त्या किती मोकळ्या होत्या!

दुपारच्या मालिकांची घडणही निराळी झाली. पात्रे जे करतात ते बोलूनही दाखवतात. महत्त्वाच्या वाक्याआधी पार्श्वसंगीत चढते, धक्का बसला की एकेक चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला जातो. समीक्षकांनी याची पुष्कळ टिंगल केली, पण कुकरची शिट्टी बंद करून परत येणारीला कथा सुटू नये, ही सोय त्यात आहे. ‘वनिता मंडळ’ ऐकणारा कानच इथे पुन्हा कामाला आला.

३ जुलै २००० रोजी ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ रात्री साडेदहाला सुरू झाली आणि मालिकांचे बळ रात्रीकडे सरकले. दुपारी रात्रीच्याच भागांचे पुनःप्रक्षेपण होऊ लागले. वाहिनीला त्यात वेगळा खर्च नव्हता. ‘कुमकुम’ ही २००२ ते २००९ चाललेली दुपारची मालिका अपवाद ठरली. मराठीत दुपारचा आधार पाककृतींनी दिला. ‘आम्ही सारे खवय्ये’मध्ये प्रशांत दामले यांच्या गप्पांसोबत घरच्या बायका ओट्यापाशी उभ्या राहून आपला पदार्थ करून दाखवत. त्याच काळात ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते आणि दुपारी काय पाहायचे हे कित्येक घरांत वीज मंडळाचे वेळापत्रक ठरवी.

एप्रिल २०१७ मध्ये स्टार प्लसने ‘स्टार दोपहर’ या नावाने चार नव्या मालिकांचा पट्टा दुपारी आणला. सप्टेंबरअखेर तो गुंडाळावा लागला. टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, ‘रामायण’ सकाळी नऊ आणि रात्री नऊ असे दोनदा लागू लागले आणि सगळे घर एकदम घरात असल्याने दिवसाचा प्रेक्षक कधी नव्हे इतका वाढला. मराठीत स्टार प्रवाहने २०२२ च्या सुरुवातीला दुपारसाठी स्वतंत्र मालिका काढल्या. त्यांतली ‘मुरांबा’ १४ फेब्रुवारीपासून दुपारी दीड वाजता येऊ लागली, जेवणे उरकून ओटा पुसायच्या वेळेला.