एक क्रमांक, दोन वळणे

लिनक्सवर जपानी मजकूर उघडला की काही वेळा अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसतात. ती अक्षरे असलेला फाँट संगणकात नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाँट बसवला की चौकोन जातात. खरी फसगत पुढेच आहे. अक्षरे दिसतात, वाचताही येतात, आणि तरी त्यांचे वळण जपानी नसते. असे का व्हावे?

फाईलमध्ये अक्षराचे चित्र साठवलेले नसते, क्रमांक असतो. जपानने चीनकडून घेतलेल्या चिन्हांना कांजी म्हणतात. त्यांची प्रमाण क्रमांक-यादी जपानने १९७८ साली केली. पुढे युनिकोडने चिनी, जपानी व कोरियन याद्या एकत्र करताना मूळ एकच असलेल्या चिन्हांना सहसा एकच क्रमांक दिला. १९९२ च्या या यादीत २०,९०२ चिन्हे होती. वळणे मात्र देशोदेशी निराळी राहिली. ‘हाड’ या अर्थाची कांजी घ्या. तिच्या वरच्या भागातला छोटा कोपरा जपानी छपाईत उजवीकडे असतो, तर चीनच्या मुख्य भूमीवरील छपाईत डावीकडे. पडद्यावर पाहून जपानी शिकणारा विद्यार्थी नेमका डावा कोपरा वहीत गिरवत बसतो!

आपल्याला हे परके नाही. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीतला दंडाचा ‘ल’ यांचा युनिकोड क्रमांकही एकच आहे. कोणता दिसेल, हे फाँट ठरवतो.

मग फाँट कोण ठरवतो? लिनक्सवर हे काम ‘फाँटकॉन्फिग’ करते. प्रोग्रामने मागणी केली की ते फाँटची क्रमवार यादी देते. पहिल्यात अक्षर नसेल तर दुसऱ्यात शोधायचे. मजकुराची भाषा सांगितलेली नसेल आणि यादीत चिनी फाँट आधी असेल, तर कांजीला चिनी वळण मिळते.

टर्मिनलमध्ये ‘एफसी-मॅच’ या आज्ञेला ‘एस’ हा पर्याय जोडला की ही यादी पाहता येते. फाँटकॉन्फिगच्या आपल्या फाईलीत ‘नोटो सान्स सीजेके जेपी’सारख्या जपानी फाँटचे नाव चिनी फाँटच्या आधी लिहावे आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करावा. कोपरा उजवीकडे आला का, ते पाहावे.

एकाच पानावर चिनी आणि जपानी दोन्ही असतील तर मात्र क्रम बदलून भागत नाही. एका भाषेचे वळण सुधारले की दुसरीचे बिघडते. अशा वेळी कोणता भाग कोणत्या भाषेतला, हे मजकुरातच नोंदवावे लागते. क्रमांकावरून चिन्ह ओळखता येते, त्याची भाषा नाही.