कॉम्प्रेसरचे बिल वाचताना

वैशाखाचे ऊन तापू लागले की गॅरेजमध्ये येणाऱ्या मोटारींची एकच तक्रार असते: एसी गार करीत नाही. उत्तरही बहुधा ठरलेले असते: कॉम्प्रेसर गेला. वीस-तीस हजारांचा आकडा कानी पडतो, घरचे लग्नकार्य किंवा प्रवास तोंडावर आलेला असतो. आणि एरवी दिडकीच्या फरकासाठी तीन पेढ्यांवर भाव काढणारा गृहस्थ हा व्यवहार मात्र डोळे मिटून पुरा करतो.

वस्तुतः गार हवा न येण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बरीचशी स्वस्त आहेत. गॅसचा दाब फार खाली आला की यंत्रणेतील प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. म्हणजे तो निरोगी असूनही निपचित पडलेला दिसतो, आणि घाईत त्यालाच मृत ठरविले जाते. कधी रिले जळालेला असतो, कधी क्लचची कॉइल गेलेली असते, कधी कंडेन्सरसमोरचा पंखा फिरत नसतो. एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर दोष पुष्कळदा पुलीच्या बेअरिंगचा असतो. कारण बेल्टबरोबर पुली सदैव फिरत असते. हे बेअरिंग स्वतंत्रपणे बदलता येते व त्याचा खर्च संपूर्ण कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ असतो. म्हणून दोन्ही बाजूंचे दाब गेज लावून मोजले का आणि क्लचपर्यंत वीज पोहोचते का, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज मोठ्या खर्चाला होकार देऊ नये. ज्या मिस्त्रीला हे प्रश्न रुचत नाहीत, त्याच्याकडे गाडी न ठेवलेलीच बरी.

आता कॉम्प्रेसर खरोखरच जाम झाला आहे असे धरू. समजा, मध्यम आकाराच्या गाडीसाठी नवा कॉम्प्रेसर १४,००० रुपयांना मिळाला. त्याच्या जोडीला ड्रायर १,०००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह १,५००, नळ्यांची सफाई १,५००, तेल व गॅस २,०००, मजुरी २,५००. ही बेरीज २२,५०० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी ४,०५०, म्हणजे एकूण २६,५५० रुपये. गाडीगणिक हे आकडे पुष्कळ बदलतील. परदेशी बनावटीच्या महागड्या गाडीत एकटा कॉम्प्रेसरच या सगळ्या बिलाला मागे टाकतो. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की कॉम्प्रेसरखेरीजच्या ओळीही बिलात तितक्याच आवश्यक आहेत.

नेमक्या याच ओळी घासाघिशीत प्रथम कापल्या जातात. ‘ड्रायर राहू द्या, फ्लशिंग नको’ असे म्हणून तीन-चार हजार वाचविल्याचे समाधान मिळते. परंतु कॉम्प्रेसरच्या आत धातूवर धातू घासून तो जाम होतो, तेव्हा त्याचा बारीक चुरा गॅसबरोबर पुढे जाऊन कंडेन्सरमध्ये व व्हॉल्व्हच्या तोंडाशी साठतो. तेल काळवंडते. त्या घाणीवर बसविलेला नवा कॉम्प्रेसर एखाद्या मोसमात पुन्हा बंद पडतो, आणि ड्रायर बदलला नाही म्हणून कंपनी हमीही नाकारू शकते. आजकालच्या कंडेन्सरच्या वाहिन्या इतक्या अरुंद असतात की चुरा शिरल्यावर त्या धुऊन निघत नाहीत. कंडेन्सरच बदलावा लागतो. तो ६,००० रुपयांचा धरला, तर वरचे बिल ३३,६३० वर जाते. हा आकडा अप्रिय आहे. तरीही २६,५५० रुपये दोनदा भरण्यापेक्षा तो स्वस्त आहे.

मुळात कॉम्प्रेसर मरतो कशाने? पुष्कळदा दरसाल गॅस भरण्याने, असे म्हटले तर विरोधाभास वाटेल. पण तेच घडते. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. आर-१३४ए हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो इतकेच. दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. कॉम्प्रेसरचे वंगण गॅसबरोबरच फिरत असते. गळतीच्या जागी तेलही बाहेर पडते, आणि गॅस कमी झाला की उरलेले तेलही कॉम्प्रेसरपर्यंत नीट परतत नाही. वरून केवळ गॅस भरला जातो, तेल कमीच राहते, आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. रोजमेळात दरमहा तूट येत असताना ती शोधण्याऐवजी गल्ल्यात पदरचे पैसे टाकत राहावे, तसाच हा प्रकार. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणे व एखादी ओ-रिंग बदलणे हे पहिल्याच वर्षी काही शेकड्यांचे काम असते. हिवाळ्यातही आठवड्याला दहा मिनिटे एसी चालविला तर सील ओलसर राहतात. महिनोन् महिने गोदामात उभ्या असणाऱ्या गाडीला हे विशेष लागू.

जुन्या बाजारातला कॉम्प्रेसर निम्म्याहून कमी भावात मिळू शकतो. मात्र तो किती चालला व किती दिवस उघड्या तोंडाने पडून होता हे कोणी सांगत नाही. तेल हवेतील दमटपणा शोषते, म्हणून तोंडे बंद नसलेला माल घेऊच नये. दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर लेखी हमीसह मिळत असेल, तर दहा-बारा वर्षांच्या गाडीला तो शहाणपणाचा सौदा ठरू शकतो. ‘इतक्या जुन्या गाडीला एसी कशाला’ हा युक्तिवाद मात्र घाटात टिकत नाही. पावसाळ्यात माळशेज किंवा आंबोली उतरताना काचेवर आतून धरणारे धुके एसीच हटवितो. शिवाय जाम कॉम्प्रेसर तसाच ठेवला आणि त्यामुळे बेल्ट तुटला, तर त्याच बेल्टवरचा अल्टरनेटर थांबतो व गाडी वाटेतच उभी राहते.

विम्याकडून येथे आशा ठेवू नये. नेहमीच्या मोटार विम्यात झीज व यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. अपघातात कंडेन्सर फुटला तर गोष्ट वेगळी. विस्तारित वॉरंटी घेतलेली असल्यास तिची कागदपत्रे आधी उघडावीत. सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराने केलेले अंदाजपत्रक पुढे आल्यास ते परत करावे. पेढीच्या नावावरील मोटारीचे बिल करासह खर्चात धरावे लागते. तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनाच्या दुरुस्तीवरील कराची वजावट व्यापाऱ्याला सहसा मिळत नाही. मालवाहू टेम्पोच्या बाबतीत ती मिळू शकते, म्हणून तेथे पक्क्या बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, आणि बदललेला जुना कॉम्प्रेसरही मागून घ्यावा. त्याच्या तोंडातून निघणारे तेल स्वच्छ आहे की काळे, हे पाहायला यंत्रशास्त्र लागत नाही.