रक्तातील सोडियम उतरते तेव्हा

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात करवीर, पन्हाळा, राधानगरी इत्यादी तालुक्यांतून अत्यवस्थ रुग्ण आणले जातात. अशा रुग्णालयांत अतिदक्षता विभागाच्या दाराशी तिष्ठणाऱ्या आप्तांच्या कानी "सोडियम उतरले आहे" हे शब्द वारंवार पडतात. सोडियम हा मिठाचा घटक, हे सुशिक्षितांस ठाऊक असते. सबब रुग्णास मिठाचे पाणी पाजावे, असे त्यांस वाटते. हा तर्क बहुधा चुकतो.

पांढऱ्या रश्श्यात मीठ बेताचे घातले आणि मागाहून पाणी अधिक पडले, तर रस्सा अळणी लागतो. मीठ कोठे गेलेले नसते. पाणी वाढलेले असते. रक्ताचेही पुष्कळदा असेच होते. निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. ते १२५ च्या खाली गेले म्हणजे स्थिती गंभीर समजतात.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक द्रव्य रक्तात उतरते व ते मूत्रपिंडांस पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देते. न्यूमोनिया, डोक्यास मार, शस्त्रक्रिया, तीव्र वेदना, काही औषधे यांमुळे ही आज्ञा अकारण चालू राहते. १९५७ साली श्वार्ट्झ, बार्टर प्रभृती अमेरिकन वैद्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत हा प्रकार वर्णिला. अशा वेळी शिरेतून साखरेचे पाणी चढविले, तर साखर खर्ची पडून निव्वळ पाणीच मागे उरते. मात्र जुलाब, वांत्या किंवा लघवी वाढविणारी रक्तदाबाची औषधे यांनी मीठही खरोखर घटते. म्हणूनच रक्ताबरोबर लघवीही तपासावी लागते.

पातळ झालेल्या रक्तातील पाणी पेशींत शिरते. इतर अवयवांस फुगण्यास जागा असते. कवटीत कोंडलेल्या मेंदूस ती नसते. रुग्ण सुस्तावतो, असंबद्ध बोलतो, त्यास झटके येतात. झटके आल्यास शेकडा ३ भाग मिठाचे द्रावण थोडेथोडे, परंतु तत्काळ देतात. सोडियम ४ ते ६ मिलिमोल चढले तरी बहुधा धोका टळतो.

खरी कसोटी यापुढची. सोडियम दोन दिवसांहून अधिक काळ कमी राहिले, तर मेंदूच्या पेशी आपल्यातील क्षार बाहेर टाकून त्या स्थितीशी जुळवून घेतात. मग ते एकाएकी चढविले, तर मज्जातंतूंवरील आवरण नष्ट होते. मस्तिष्कस्तंभाच्या मध्यभागी होणारी ही इजा अॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली नोंदविली. रुग्ण प्रथम सुधारल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी त्याची वाचा व गिळण्याची शक्ती जाते, हातपाय लुळे पडतात. यास्तव २४ तासांत ८ ते १० मिलिमोलांपलीकडे वाढ होऊ देत नाहीत, आणि दर काही तासांनी रक्त पुन्हा तपासतात.

काल ११२ होते, आज केवळ ११८. एवढी दिरंगाई का, असे आप्त चिडून विचारतात. वस्तुतः तीच योग्य गती होय. डॉक्टरांनी पाणी मोजून देण्यास सांगितले असता, दया येऊन कोणी गुपचूप शहाळे पाजले, तर त्यात सोडियम अल्प व पाणी फार असल्यामुळे तो आकडा पुन्हा उतरू शकतो.